शर्यतीच्या दिवशी नदी कोणाची?

अर्धापूरहून नांदेडास येताना आसना नदीचा पूल लागतो. वर्षातील बहुतेक दिवस पुलावरून जाणारा उतारू खाली पाहण्याचे श्रमही घेत नाही. पावसाळ्यात मात्र तोच उतारू मोटारीची काच खाली करून पाण्याचा रंग न्याहाळतो. अर्धापूरचे नाव आहे ते केळीच्या बागांसाठी. तेथील पाणी कालव्यातून वाहते, विहिरीतून उपसले जाते, सरीतून झाडाच्या बुंध्याशी जाऊन मुरते. त्यावर होडी म्हणून चालत नाही. अशा गावच्या श्रोत्यास नौकांच्या शर्यतीची, आणि त्या शर्यतीसाठी जलमार्गावर घातल्या जाणाऱ्या तात्पुरत्या निर्बंधांची हकीकत सांगणे म्हणजे वाळवंटात वल्ह्यांचा भाव सांगण्यासारखे वाटेल. परंतु अर्धापूरपासून थोड्याच अंतरावर गोदावरी आहे. गोदावरीवर विष्णुपुरीचा बंधारा आहे. बंधाऱ्यामागे दूरवर पसरलेले संथ पाणी आहे. आणि जेथे असे पाणी असते तेथे आज ना उद्या कोणास तरी होड्या पळविण्याची बुद्धी होतेच, असा जगाचा अनुभव आहे. सांगलीस कृष्णेत ती झाली. पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मुळा-मुठेच्या पात्रात झाली, आणि त्यांचा वार्षिक नौकोत्सव पाहावयास आजही पुणेकर काठावर दाटी करतात. तेव्हा शर्यतीच्या दिवशी नदी कोणाची, हा प्रश्न वाटतो तितका परका नाही.

रस्त्यावर धावण्याची किंवा सायकलींची शर्यत असली म्हणजे काय करतात ते सर्वांस ठाऊक आहे. दोन्ही टोकांस बांबू आडवे बांधतात, चार शिपाई उभे करतात, आणि गाड्या दुसऱ्या वाटेने वळवितात. पाण्याची गोष्ट निराळी. नदीस दुसरी वाट नसते. तिला कडेची पायवाट नसते. आणि मुख्य म्हणजे पाण्यावरच्या वाहनास गतिरोधक कळ नसते. वेगात असलेली होडी थांबवावयाची तर वल्ही उलटी मारावी लागतात. तोवर ती कितीतरी अंतर पुढे निघून गेलेली असते.

त्यातही शर्यतीची होडी ही मोठी हट्टी वस्तू आहे. आठ वल्हेकऱ्यांच्या विलायती पद्धतीच्या होडीची लांबी अठरा मीटरांच्या आसपास असते आणि रुंदी इतकी बेताची की एका माणसाने मांडी घालून बसावे म्हटले तर अडचण व्हावी. पाण्याच्या वर तिचा काठ जेमतेम वीतभर राहतो. आठही वल्हेकरी जावयाच्या दिशेकडे पाठ करून बसतात. समोर पाहणारा काय तो एकटा सुकाणूधारी, आणि त्याच्याही दृष्टीच्या आड आठ धिप्पाड देह डोलत असतात. अशी होडी पूर्ण वेगात असता समोर मासेमाराचा डोंगा आला तर चूक कोणाची याची चौकशी पुढे होईल. टक्कर मात्र टळत नाही. दुसरे संकट लाटेचे. यंत्राच्या नावेने मागे सोडलेली लाट आपल्या साध्या होडीस नुसती डोलवते; शर्यतीच्या होडीच्या काठावरून ती सरळ आत शिरते.

हे सारे इंग्रजांस टेम्स नदीने हळूहळू आणि पुष्कळ फजितीनंतर शिकविले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ह्या दोन विद्यापीठांची शर्यत १८२९ साली प्रथम झाली. पुढे ती लंडनमध्ये आली आणि पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत सुमारे ६.८ किलोमीटरांचा तिचा मार्ग ठरून गेला. एकोणिसाव्या शतकात शर्यत पाहण्याची हौस अशी की प्रेक्षकांनी भरलेल्या आगबोटी होड्यांच्या मागोमाग धूर ओकीत धावत, आणि त्यांच्या लाटांनी वल्हेकरी हैराण होत. पाहणाऱ्यांच्या उत्साहानेच खेळ बुडण्याची वेळ यावी, हे दृश्य आपल्याकडील जत्रांतून हिंडलेल्या कोणासही नवे वाटू नये. १८५९ साली केंब्रिजची होडी बुडाली. १९१२ साली वारा आणि लाटा अशा काही उसळल्या की दोन्ही होड्यांत पाणी भरले आणि शर्यत दोन दिवसांनी पुन्हा घ्यावी लागली. १९८४ साली तर शर्यत सुरू होण्यापूर्वीच सराव करीत असता केंब्रिजची होडी नांगरलेल्या एका पडावावर आदळून फुटली. तो पडाव हलत नव्हता, वाट चुकला नव्हता, कोणाच्या आड आला नव्हता. तो फक्त तेथे होता. मार्ग मोकळा करणे म्हणजे चालत्या नावा थांबविणे एवढेच नव्हे, तर उभ्या वस्तूही नजरेखालून घालणे, हा धडा त्या दिवशी मिळाला.

आज टेम्सच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा कारभार १९०९ साली स्थापन झालेल्या लंडन बंदर प्राधिकरणाकडे आहे. शर्यतीच्या किती तरी दिवस आधी ह्या संस्थेची नाविकांसाठी सूचना निघते. तीत कोणत्या पुलापासून कोणत्या पुलापर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत नदी बंद, हे स्पष्ट लिहिलेले असते. गंमत अशी की शर्यत स्वतः सतरा-अठरा मिनिटांत आटोपते, पण नदी त्याहून कितीतरी अधिक वेळ अडविली जाते. शर्यत चढत्या भरतीवर घेतात. म्हणून बंदीची वेळ घड्याळावर न ठरता चंद्रावर ठरते आणि दरवर्षी बदलते. अमावास्या-पौर्णिमेचे गणित सांभाळून सरकारी हुकूम काढणारे खाते लंडनातही असावे, ह्याचे आपल्या पंचांगकर्त्यांस समाधान वाटण्यास हरकत नाही.

एवढा बंदोबस्त असूनही ७ एप्रिल २०१२ रोजी तो फसला. शर्यत ऐन रंगात असता एक इसम दोन होड्यांच्या वाटेत पोहत आला. पंचांच्या नजरेस तो वेळीच पडला म्हणून शर्यत थांबली. नाही तर धारदार पात्यांची सोळा वल्ही त्याच्या मस्तकावरून गेली असती. सुमारे अर्ध्या तासाने शर्यत पुन्हा सुरू झाली, आणि तो इसम न्यायालयाच्या हुकमाने सहा महिन्यांच्या शिक्षेस पात्र ठरला. सूचना नावांसाठी लिहिलेली होती. माणूस नाव नव्हता. निर्बंध लिहिणाऱ्याने केवळ नावांचाच विचार केला तर काठावरचा माणूस त्यातून निसटतो.

आता आपल्या देशाकडे वळू या. केरळात आलप्पुळा येथे १९५२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले असता त्यांच्या स्वागतार्थ सर्पनौकांची शर्यत योजिली होती. ती पाहून पंडितजी इतके हरखले की विजयी नौकेत त्यांनी स्वतःच उडी घेतली, आणि पुढे एक रुपेरी चषक पाठवून दिला. तीच पुन्नमड सरोवरातील नेहरू चषकाची शर्यत. शंभर फुटांहून लांब एकेक नौका, तीत शंभराच्या आसपास वल्हेकरी, मागल्या उंच टोकाशी उभे राहून सुकाणू धरणारे चार-पाच जण, आणि मध्ये गाणे म्हणून ताल धरणारे. असा सारा गावच्या गाव पाण्यावर धावत सुटतो. २०१८ साली महापुरामुळे ही शर्यत नोव्हेंबरात न्यावी लागली, २०२० व २०२१ साली साथीमुळे झालीच नाही, आणि २०२४ साली वायनाडच्या दरडीच्या दुःखामुळे ती ऑगस्टातून सप्टेंबराच्या अखेरीस गेली.

निर्बंधांचा खरा कस लागतो तो ह्या ठिकाणी. लंडनमध्ये नदी अडविली तरी लंडनकराचे काही अडत नाही. तो पुलावरून मोटारीने जातो. आलप्पुळाच्या लगत असलेल्या कुट्टनाड प्रदेशात पाणी हाच रस्ता आहे. तेथे शेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत आणि घरांच्या दारांशी कालवे आहेत. आपल्याकडे लाल मोटार जशी गावोगाव फिरते तशी तेथे राज्य जलवाहतूक खात्याची बोट धक्क्याधक्क्यास थांबते. शाळेतील मुले तिने जातात, बाजारहाट तिने होतो, आजारी माणूस तिने शहरात पोचतो. अशा जागी सरोवराचा एक पट्टा दिवसभर बंद करणे म्हणजे एखाद्या गावचा एकुलता एक रस्ता बंद करण्यासारखेच आहे. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमात केवळ मज्जाव करून भागत नाही. कोणत्या धक्क्यावरून कोणती बोट सुटेल, कोणती सुटणार नाही, पर्यटकांच्या घरनौकांनी कोठे उभे राहावे, प्रेक्षकांस घेऊन येणाऱ्या नावांनी किती वाजण्यापूर्वी आपली जागा धरावी, हे सर्व ठरवून द्यावे लागते. शर्यतीच्या मार्गात घुसणारी नाव पकडली जाते. आपल्या गावची नौका पुढे जाताना पाहून काठावरचे तरुण भान विसरून पाण्यात उड्या घेतात. त्यांच्यासाठीही हुकमात शिक्षेचे कलम असते. टेम्सवर जे २०१२ साली उमगले ते पुन्नमडच्या काठावर दरसाल प्रत्यक्ष दिसते.

इतका खटाटोप कशासाठी, असे ज्याला वाटत असेल त्याने मुंबई बंदरातील १८ डिसेंबर २०२४ ची दुपार आठवावी. 'नीलकमल' नावाची प्रवासी बोट गेटवेहून घारापुरीकडे निघाली होती. तीत शंभराहून अधिक माणसे होती. लेणी पाहावयास निघालेली कुटुंबे, मुलेबाळे. त्याच पाण्यात नौदलाच्या एका वेगवान नावेवर यंत्राची चाचणी चालली होती. चाचणीतील नावेचा ताबा सुटला आणि ती सरळ प्रवासी बोटीवर येऊन आदळली. पंधरा जीव गेले. त्यांत चाचणीच्या नावेवरील माणसेही होती आणि एक लहान मुलगाही होता. ही शर्यत नव्हती, हे खरे. परंतु शर्यतीतील धोका आणि हा धोका ह्यांत फरक नाही. एक नाव वेगाच्या परीक्षेत गुंतलेली आणि दुसरी नाव आपल्या रोजच्या वाटेने चाललेली, अशा दोघींनी एकच पाणी एकाच घटकेस वापरणे हेच संकटाचे मूळ होय. सुकाणू कितीही कुशल हाती असले तरी यंत्र केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. त्या अपघातानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे, ह्यावर कटाक्षाने लक्ष देण्यात येऊ लागले. जाकीट बुडणाऱ्यास तारते. टक्कर चुकविणे त्याच्या हाती नाही. टक्कर चुकवावयाची तर दोघींच्या वेळा तरी निराळ्या हव्यात किंवा जागा तरी.

हा अधिकार कायद्याने कोणाकडे आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. बंदराच्या हद्दीत नावांची हालचाल रोखण्याचा अधिकार बंदराच्या अधिकाऱ्यांस असतो. देशांतर्गत जलमार्गांवरील यंत्रनौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आहे. आणि जेथे बंदर नाही, ठराविक जलमार्ग नाही, नुसती नदी आहे, तेथे जिल्हादंडाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम उरतो. पूर्वी १४४ कलम म्हणून जो प्रसिद्ध होता तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतो. राज्य शासनाने मुदत वाढविली नाही तर असा हुकूम दोन महिन्यांहून अधिक टिकत नाही. हुकमाचे तात्पुरतेपण असे कायद्यातच बांधलेले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण एकदा लावलेली दोरी सोडण्याची आठवण सरकारी कचेरीस सहसा आपण होऊन होत नाही.

आता गोदावरी. तिच्याविषयी बोलताना १५ सप्टेंबर २०१९ हा दिवस विसरता येत नाही. आंध्र प्रदेशात पापीकोंडलू नामक डोंगररांगांकडे पर्यटकांस घेऊन निघालेली एक बोट कच्चुलुरू गावाजवळ उलटली आणि पन्नासच्या सुमारास माणसे गेली. त्या वेळी नदीस मोठा पूर होता. पाच लाख घनफुटांच्या आसपास पाणी दर सेकंदास वाहत होते. बोट नदीच्या तळाशी जाऊन बसली ती महिनाभराने, ऑक्टोबरात, वर काढता आली. नांदेडच्या घाटांवरून जाणारे पाणी पुढे त्याच खिंडीतून समुद्राकडे जाते.

गोदावरीचा हा स्वभाव ध्यानी घेतला म्हणजे नांदेडसारख्या ठिकाणी शर्यतीचा पहिला निर्बंध नावेवर नव्हे, तर खुद्द पाण्यावर घालावा लागेल, हे दिसून येते. टेम्सची भरती पंचांगातून आधी कळते. गोदावरीची भरती दरवाजांतून येते. वर पैठणास जायकवाडीचे धरण आहे, सिंदफणेवर माजलगावचे आहे, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर आहेत. ह्यांपैकी कोठेही दरवाजे उचलले की ते पाणी विष्णुपुरीस येऊन पोचते आणि विष्णुपुरीचेही दरवाजे उचलावे लागतात. नांदेडच्या आकाशात ढग नसताना नांदेडच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, हे तेथील लोकांनी अनेकदा पाहिले आहे. बंधाऱ्याखालच्या पात्रात शर्यत योजावी आणि वरच्या धरणावरील अभियंत्यास तिची वार्ताही नसावी, ह्यासारखी अविचाराची गोष्ट दुसरी नाही. बंधाऱ्यामागील जलाशयात योजावी तर तेथे धोका उलट दिशेने: दरवाजे उघडले की संथ पाणी चालू लागते आणि होडी त्यांच्याकडे ओढली जाते. शिवाय तेच पाणी नांदेड शहराच्या घशाखाली उतरते. त्यात पंचांच्या यंत्रनावांनी तेलाचे तवंग सोडणे कोणास रुचणार नाही.

आणखी खाली, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. त्याच्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या निकालान्वये १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली तेलंगणासाठी सोडावे लागते. म्हणजे नदीवर तिथीवार निर्बंध ही गोष्ट नांदेड जिल्ह्यास मुळीच नवी नाही. ती तेथे दरसाल पाळली जाते, आणि दोन राज्यांचे अधिकारी समोरासमोर उभे राहून पाळतात. तिथी ठरलेली, कारण ठरलेले, पाण्याचे माप ठरलेले. शर्यतीच्या हुकमास ह्याहून चांगला कित्ता सापडणे कठीण.

पाण्यानंतर माणसे. शर्यतीपुरते गोदावरीचे दोन-तीन मैल मोकळे करावयाचे ठरले तर कोणाकोणास बाजूस व्हावे लागेल? काठावरच्या शेतकऱ्यांचे पंप असतात. त्यांचे नळ पात्रात उतरलेले असतात, आणि काही दोरखंड पाण्याच्या पातळीबरोबरच ताणलेले असतात. टेम्सवरच्या त्या पडावासारखेच ते हलत नाहीत, आणि वीतभर काठाच्या होडीस पुरेसे आहेत. घाटावर स्नानास व पिंडदानास येणारी मंडळी असतात. त्यांचा मुहूर्त शर्यतीच्या वेळापत्रकास विचारून ठरत नाही. सचखंड हुजूर साहिबासाठी रोज भल्या पहाटे गोदावरीचे पाणी गागरीत भरून नेण्याची जुनी परंपरा आहे. तिच्या वाटेत एक दिवसही दोरी येता कामा नये. ह्या साऱ्यांसाठी जागा व वेळ राखून ठेवता येते, कारण ते सारे संघटित आहेत, त्यांचा शब्द कचेरीत ऐकला जातो.

राहतो तो भोई. नदीवर जगणाऱ्यांत त्याचा हक्क सर्वांत जुना आणि आवाज सर्वांत लहान. शर्यतीच्या दिवशी त्याची एक दिवसाची मासळी जाते. प्रेक्षकांच्या मंडपास, सनई-चौघड्यास, पाहुण्यांच्या पुष्पहारास जेथे खर्च मंजूर होतो तेथे त्या एका दिवसाच्या मजुरीचा विचार हुकमाच्या कागदावर क्वचितच दिसतो. त्यास नुसते बाजूस सारण्याऐवजी त्याच्याच होड्या मार्गाच्या कडेस रोजाने उभ्या केल्या तर दोन्ही कामे साधतात. पात्रात खडक कोठे, भोवरा कोठे, बुडालेले झाड कोठे, हे त्याच्याइतके कोणा अधिकाऱ्यास ठाऊक नसते. आणि होडी उलटलीच तर पाण्यात प्रथम उतरणारा तोच असतो. आजही नदीत कोणी बुडाले म्हणजे माणसे भोयाकडेच धाव घेतात.

मात्र त्यास कळविण्याची रीत निराळी हवी. वर्तमानपत्रातील जाहीर सूचना शहरातील घरांत वाचली जाते. त्यास काठावर जाऊन, त्याच्या वस्तीत दवंडी देऊन सांगावे लागेल. तेही आदल्या दिवशी सकाळीच. कारण जाळे संध्याकाळी पडते, रात्रभर पाण्यात राहते, आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीचा पहिला बार होण्याच्या सुमारास ते वर ओढण्यासाठी तो नदीच्या मधोमध आलेला असतो.